हेडगिअर घातलं की कन्कशन टळतं का? स्वतः शोधून बघायचं असेल तर हे असं करा

दुपारी जेवायला बसले होते आणि सिडनीहून ताईचा व्हिडिओ कॉल. ती खेळाच्या सामानाच्या दुकानात उभी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात फोमची मऊ टोपी, रग्बीवाले स्क्रम कॅप म्हणतात ती, कानाशी भोकं आणि हनुवटीखाली पट्टा. भाचा १३ वर्षांचा, त्या सीझनला रग्बीत जरा सिरियसली उतरलेला. "खोक्यावर लिहिलंय बघ, डोक्याचं संरक्षण. घेऊ का गं? म्हणजे कन्कशनची भीती नाही ना मग?" (कन्कशन म्हणजे डोकं हादरून मेंदूचं काम काही काळ बिघडणं.) मी म्हटलं दोन दिवस दे, वाचून सांगते. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले.

मी डॉक्टर नाही, ऑफिसात आकडेमोडीचं काम करते, त्यामुळे पेपरातली टेबलं बघून घाबरायला होत नाही एवढंच. पण त्या दोन आठवड्यांत मी आधी काय काय चुकीचं केलं आणि मग कसं जमलं ते लिहून ठेवते, कारण हाच प्रश्न फुटबॉलवाल्या, बॉक्सिंगवाल्या पोरांच्या आईबापांनाही पडतोच.

पायरी १: प्रश्न नीट बांधा

"हेडगिअरचा उपयोग होतो का" हा प्रश्न शोधण्यालायकच नाही, कारण हेडगिअर म्हणजे कुठलं? रग्बीची मऊ टोपी, अमेरिकन फुटबॉलचं कडक कवचाचं हेल्मेट, बॉक्सिंगचा हेडगार्ड, सॉकरवाल्यांची (म्हणजे आपल्या फुटबॉलवाल्यांची) कपाळपट्टी, ही चार वेगळी जनावरं आहेत. एकाचा निकाल दुसऱ्याला लावला की गोंधळ झालाच म्हणून समजा. मी पहिले तीन दिवस तेच केलं.

एका कागदावर चार गोष्टी लिहा. खेळणारा कोण (वय, मुलगा की मुलगी, कुठल्या लेव्हलला), डोक्यावर काय, कशाशी तुलना (काहीच न घालणं की जुनं मॉडेल), आणि मोजायचं काय. चौथी गोष्ट सगळ्यात निसरडी. भुवई फुटणं, कान चुरगळून फुलकोबीसारखा होणं, कवटीला तडा जाणं आणि कन्कशन होणं, हे सगळं "डोक्याला लागलं" यातच येतं. खोक्यावर "डोक्याचं संरक्षण" लिहिलेलं असतं, आपण वाचतो "कन्कशनपासून संरक्षण", आणि विकणाऱ्याने खोटं काहीच लिहिलेलं नसतं!

माझा प्रश्न शेवटी असा झाला: शाळकरी वयाच्या रग्बी खेळणाऱ्या मुलांत मऊ टोपी घातल्याने, न घालण्याच्या तुलनेत, कन्कशन कमी होतात का?

पायरी २: पेपर उघडण्याआधी आत काय होतं ते समजून घ्या

स्टीलच्या डब्यात खरवस लावलाय असं समजा. आता डब्याभोवती जाड टॉवेल गुंडाळा आणि डबा ओट्यावर आपटा. डब्याला पोचा येणार नाही, टॉवेलने काम केलं. पण तोच डबा टॉवेलसकट धरून मनगटाला झटका देऊन गर्रकन फिरवा आणि झाकण उघडून बघा, खरवस कडेने सुटलेला असतो. मेंदू हा तसाच मऊ, कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात. कन्कशनमध्ये या फिरण्याचा, म्हणजे डोकं झटक्यात वळण्याचा, मोठा वाटा असतो असं संशोधक मानतात. त्यात डोकं कुठे आपटलंच पाहिजे असंही नाही, छातीत जोरदार टॅकल (समोरच्याला धरून पाडणं) बसून मानेला हिसका बसला तरी होऊ शकतं. टोपी तर डोक्यावर.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, मग टू-व्हीलरचं हेल्मेट कशाला? आम्हा पुणेकरांना हेल्मेटसक्तीविरुद्ध बोलायला निमित्तच हवं असतं, म्हणून आधीच सांगते. मोटरसायकल हेल्मेटवर कोक्रेन या संस्थेचा रिव्ह्यू (आधीचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) आहे, त्यात मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी दिसलाय. त्या हेल्मेटला कडक कवच आणि आत थर्माकोलसारखा चिरडणारा जाड थर असतो, ते रस्त्यावर कवटी फुटू नये म्हणून बनवलेलं आहे. रग्बीच्या टोपीला वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमाने फोमची जाडी साधारण १ सेंटीमीटर आणि घनता दर घनमीटरला ४५ किलोच्या आसपास, एवढीच परवानगी होती. म्हणजे बोटाने दाबलं तर दबणारा फोम. त्यामुळे घालायचं ते हेल्मेट घाला, इथे विषय वेगळा आहे.

पायरी ३: शोधायचं कुठे

पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. शब्द इंग्रजीत टाका: रग्बी, हेडगिअर, कन्कशन. मग "हेडगिअर"च्या जागी "पॅडेड हेडगिअर", "हेल्मेट", "प्रोटेक्टिव्ह इक्विपमेंट" असं बदलून बघा, कारण प्रत्येक जण वेगळा शब्द वापरतो. डावीकडे फिल्टर असतात, तिथे आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (त्या विषयावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा केलेले) आणि मग रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग) निवडा. एक चांगला पेपर सापडला की त्याखाली "सिमिलर आर्टिकल्स" आणि "साइटेड बाय" दिसतं, त्यावरून मागेपुढे जाता येतं. ही ट्रिक कळल्यावर माझं निम्मं काम झालं. पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर लेखकाला सरळ ईमेल करा, बरेच जण आनंदाने पाठवतात. युट्यूबवरचे रिव्ह्यू मात्र नंतर बघा, आधी बघितलेत तर मत आधीच बनतं.

पायरी ४: सापडलेल्याचे ढीग करा

लॅबवाला ढीग वेगळा, मैदानावरचा वेगळा. लॅबमध्ये काय करतात, तर धातूच्या खोट्या डोक्याला टोपी घालून ते ठरावीक उंचीवरून आपटतात आणि आतला सेन्सर धक्का मोजतो. यात जाड फोम नेहमी जिंकतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी नेहमीपेक्षा जाड, १६ मिलिमीटरची आणि ६० किलो घनतेची टोपी बनवली, लॅबमध्ये ती साध्या टोपीपेक्षा बरीच सरस ठरली. मैदानावर तिचं काय झालं ते खाली येतंच. दुकानातल्या जाहिरातीत बहुतेक वेळा हाच लॅबचा आकडा असतो, ५ स्टार वगैरे रेटिंगही लॅबच्या मापांवरूनच काढतात. वाचायला हरकत नाही, पण तो उत्तर नाही, अंदाज आहे.

मैदानावरच्या ढिगातही दोन भाग पडतात. एकात ज्यांनी आपणहून घातलं आणि ज्यांनी नाही घातलं त्यांची तुलना. दुसऱ्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलं कुठल्या टीमने घालायचं. पहिल्या प्रकारात घोळ असा की आपणहून टोपी घालतो कोण? ज्याला आधी एकदा लागलंय तो, किंवा जो जास्त अंगावर जाऊन खेळतो तो, किंवा ज्याची आई माझ्या ताईसारखी आहे तो.

पायरी ५: भाजक शोधा, मगच आकड्यावर विश्वास ठेवा

हे मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण. २००१ मध्ये मॅकिंटॉश आणि मॅकक्रोरी यांचा १५ वर्षांखालच्या रग्बी खेळाडूंवरचा छोटा पायलट स्टडी आला. २९४ खेळाडू, एकूण ९ कन्कशन. त्यातली ७ टोपी घातलेल्यांना, २ न घातलेल्यांना. एवढंच वाचलं तर वाटेल अरे बापरे, टोपीनेच होतंय की काय! मी खरंच ताईला मेसेज टाइप केला होता, पाठवायचीच राहिले.

मग पुढची ओळ वाचली. टोपी घालून मैदानात उतरण्याच्या वेळा ११७९, न घालता फक्त ३५७. आता भागाकार करा. ७ भागिले ११७९ म्हणजे हजारात साधारण ५.९. २ भागिले ३५७ म्हणजे हजारात ५.६. फरक जवळपास काहीच नाही. "इतक्या जणांना झालं" असं कुणी म्हटलं की आधी विचारा, कितींपैकी, आणि किती वेळ खेळून. काही पेपर प्रत्येक उतरण्यावर मोजतात, काही १००० खेळाडू-तासांवर (एक खेळाडू एक तास खेळला की एक खेळाडू-तास), त्यामुळे दोन पेपरांचे आकडे शेजारी ठेवताना भाजक एकच आहे ना तेही बघा.

पायरी ६: एक मोठा पेपर शेवटपर्यंत वाचा

दहा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरांचे सारांश) वाचण्यापेक्षा एक पेपर पूर्ण वाचलेला बरा. माझ्या प्रश्नासाठी तो २००९ चा, पुन्हा मॅकिंटॉश मंडळींचाच. चिठ्ठ्या खेळाडूंच्या नाही तर टीमच्या टाकल्या, कारण एकाच टीममध्ये निम्म्यांना टोपी आणि निम्म्यांना नाही असं केलं तर पोरं अदलाबदल करणारच. पहिल्या वर्षी ८२ टीम, दुसऱ्या वर्षी ८७. तीन गट: टोपीची सक्ती नसलेला, साधी टोपी दिलेला, आणि ती १६ मिलिमीटरवाली जाड टोपी दिलेला. अनुक्रमे १४९३, ११२८ आणि १४७४ खेळाडू, आणि प्रत्येक गटाचे आठ ते साडेदहा हजार खेळाडू-तास. निकाल: डोक्याच्या इजेत आणि कन्कशनमध्ये तिन्ही गटांत फरक नाही. साधी टोपी विरुद्ध काही नाही, दोन गटांतल्या इजांच्या प्रमाणाचं हे गुणोत्तर ०.९५ आणि १.०२ (पहिलं सामन्यातल्या सगळ्या इजांचं, दुसरं ज्यामुळे पुढचा सामना हुकला त्यांचं). १ म्हणजे बरोबरी, १ पेक्षा कमी म्हणजे टोपीचा फायदा.

आता इथे थांबायचं नाही, पेपरातलं दुखणं शोधायचं. या स्टडीत सांगितल्याप्रमाणे टोपी घालण्याचं प्रमाण सगळ्याच गटांत कमी होतं. ज्यांना टोपी दिली त्यातल्या कित्येकांनी घातलीच नाही, आणि ज्यांना दिली नव्हती त्यातल्या काहींनी स्वतःची आणून घातली. मग चिठ्ठीप्रमाणे गट धरून मोजलं तर फरक पुसट होणारच ना? लेखकांनाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी खरोखर कुणी घातली कुणी नाही असंही मोजलं. तेव्हा गुणोत्तर १.११ आणि १.१०. म्हणजे तिथेही फायदा काही दिसला नाही. दोन्ही बाजूंनी मोजून एकच उत्तर येतंय म्हटल्यावर मी या पेपरला बरेच मार्क दिले.

अजून एक कुरकुर. टोपी डोक्यावर दिसते, त्यामुळे कुणी घातली आणि कुणी नाही हे लपवता येत नाही. आणि कन्कशनचं निदान कुठल्या एक्स-रेवर होत नाही, चक्कर, गोंधळ, डोकेदुखी, प्रकाश सहन न होणं हे विचारून आणि तपासून ठरतं. मॅचमध्ये राहायचं म्हणून पोरं लपवतातसुद्धा. म्हणून प्रत्येक पेपरमध्ये निदान कोणी केलं ती ओळ शोधाच.

पायरी ७: ती दोन आकड्यांची रेंज वाचायला शिका

सॉकरच्या कपाळपट्टीवर अमेरिकेत विस्कॉन्सिनला हायस्कूलच्या मुलामुलींवर मोठी ट्रायल झाली, २०२० मध्ये छापून आली, टिमोथी मॅग्वाइन यांची. २७६६ खेळाडू, १३० जणांना कन्कशन. गुणोत्तर ०.९८, आणि पुढे कंसात ०.६२ ते १.५६. ही कंसातली रेंज लोक वाचतच नाहीत. तिचा ढोबळ अर्थ असा की खरा परिणाम ३८ टक्के फायद्यापासून ५६ टक्के तोट्यापर्यंत कुठेही बसू शकतो. म्हणजे "फायदा दिसला नाही" हे बरोबर, पण "फायदा नाहीच हे सिद्ध झालं" असं म्हणणं जरा जास्त होतं. पावणेतीन हजार पोरं घेऊनही रेंज एवढी रुंद, मग शेजारच्या काकांचं "आमच्या चिंट्याला टोपीमुळे कधी काही झालं नाही" याची किंमत काय ते तुम्हीच बघा.

पायरी ८: उलट बोलणारे पेपरही मुद्दाम शोधा

आपलं मत बनत आलं की नेमकं हे करायचा कंटाळा येतो. मी शोधले, आणि सापडले.

मुलींचं लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने २०१८-१९ च्या सीझनपासून हायस्कूलच्या मुलींना हेडगिअर सक्तीचं केलं, आणि नंतरच्या तुलनेत सक्ती नसलेल्या राज्यांत कन्कशनचं प्रमाण ५९ टक्के जास्त निघालं. यात चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत, राज्याराज्यांत बाकीचेही फरक असतात, पण मला हे खरं असू शकेल असं वाटतं, कारण तिथे डोक्याला लागते ती बरेचदा काठी किंवा कडक बॉल. छोटी कडक वस्तू थेट डोक्यावर बसली तर पॅडिंगला काम असतं. अंगावर अंग आदळून मान हिसकली तर नसतं. खरवसाचा डबा आठवा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिडेल कंपनीच्या रिव्होल्यूशन हेल्मेटबद्दल २००६ मध्ये पेपर आला, वर्षाला ७.६ टक्के खेळाडूंना कन्कशन व्हायचं ते ५.३ टक्के झालं. जाहिरातीत याचे "३१ टक्के कमी" झाले. दोन्ही तेच आकडे! शंभर पोरांमागे दोन-तीन कमी म्हटलं की छोटं वाटतं, ३१ टक्के म्हटलं की मोठं. शिवाय नव्या हेल्मेटची तुलना दुरुस्त करून वापरलेल्या जुन्या हेल्मेटांशीही होती, आणि संशोधनाला पैसा कंपनीचा होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये म्हटलं की या स्टडीवरून तो दावा सिद्ध होत नाही. पण म्हणून सगळं फेकून देऊ नका, २०१४ मध्ये कॉलेजच्या १८३३ खेळाडूंवर, डोक्याला किती धक्के बसले तेही सेन्सरने मोजून, त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलपेक्षा या मॉडेलमध्ये धोका ५४ टक्के कमी दिसला. आणि त्याच वर्षी मॅग्वाइन यांच्या २०८१ हायस्कूल खेळाडूंच्या स्टडीत हेल्मेटच्या ब्रँडने किंवा वयाने फरक पडलेला दिसला नाही. आहे ना मजा?

बॉक्सिंगचा किस्सा आणखी वेगळा. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने पुरुषांचे हेडगार्ड काढले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष उघड्या डोक्याने लढले, बायकांना मात्र घालावंच लागलं. नंतरच्या अभ्यासात भुवया फुटणं वाढलं, पण डोक्यावरच्या ठोशांमुळे लढत थांबवावी लागण्याचं प्रमाण कमी झालं. यावरून हेडगार्डच वाईट असं म्हणणारे आहेत. पण त्याच वर्षी गुण देण्याची पद्धतही बदलली होती, मग श्रेय कोणाला देणार?

पायरी ९: सोबत आणखी काय बदललं ते विचारा

वरचंच पुढे. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९६८ साली मैदानावरच्या इजेने ३६ मृत्यू झाले होते आणि १९९० साली एकही नाही. हेल्मेट कंपन्या हे सांगतात. पण मध्ये १९७६ ला डोकं पुढे करून घुसण्यावर बंदी आली. हेल्मेट सुधारलं, नियमही बदलला, दोघांनी मिळून झालं.

पायरी १०: प्रश्न एक पायरी मागे न्या

मला हे सुचायला दहा दिवस लागले. टोपीने कन्कशन कमी होत नाही तर कशाने होतं? अ‍ॅमस्टरडॅमला २०२२ मध्ये कन्कशनवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यासाठी केलेला रिव्ह्यू २०२३ ला आला. त्यात आइस हॉकीत माउथगार्डने (दातांवर बसवायचं कवच) २८ टक्के कमी, लहान मुलांच्या आइस हॉकीत अंगावर धडक मारायला बंदी घातली तर ५८ टक्के कमी, अमेरिकन फुटबॉलमध्ये सरावातलं अंगाला अंग भिडवणं मर्यादित केलं तर ६४ टक्के कमी. नियम आणि सराव बदलून जे होतंय ते फोमने होत नाहीये.

रग्बीसाठी तर इंग्लंडमधल्या ४० शाळांची ट्रायल आहे, २०१७ ची, ३१८८ मुलं, १४ ते १८ वयाची. मान, तोल आणि उडी-उतरणीचे व्यायाम असलेला वॉर्म-अप. आठवड्यात तीन किंवा जास्त वेळा केला त्या टीममध्ये कन्कशन ५९ टक्के कमी. इथेही मी तीच पट्टी लावते हं: हा आकडा ज्यांनी नीट केला त्यांचा आहे, आणि नीट वॉर्म-अप करणारा कोच बाकीच्या गोष्टीही नीट करत असणार. तरी वॉर्म-अपला पैसे पडत नाहीत आणि तोटा काही नाही.

आणि आपल्या कबड्डीचं काय, असं कुणी विचारेल. तिथे डोक्यावर काहीच नसतं, गुडघा कपाळाला लागतो, मॅटवर डोकं आपटतं. क्लबमध्ये एक वही ठेवून सुरुवात करता येते: तारीख, किती जण खेळले, किती मिनिटं, कुणाला लागलं, कसं लागलं, कोणी तपासलं, परत कधी खेळला. पण गणित बघून ठेवा. १२ जण वर्षाला १०० दिवस खेळले तर १२०० वेळा उतरणं झालं, हजाराला पाच धरलं तर वर्षाला सहाच केस. सहा केसांवरून टोपी चांगली की वाईट ठरत नाही, दहा-वीस क्लब एकत्र आले तर काही बोलता येईल. मात्र लागतं कसं, एवढं त्या सहा केसांवरूनही दिसायला लागतं.

मग ताईला काय सांगितलं

टोपी घ्यायची तर घे, कान आणि खरचटणं वाचेल, वर्ल्ड रग्बी स्वतः त्याच्यापुढे काही म्हणत नाही. पण घातली म्हणून त्याने जास्त जोरात डोकं घालायला नको, ते त्याला बसवून सांग, कारण टोपी घातली की जास्त बिनधास्त खेळतो असं शाळकरी रग्बीपटूंनी स्वतःच सर्व्हेत सांगितलंय. डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी मैदानाबाहेर, "बरं वाटतंय आई" चालणार नाही. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४ च्या सूचनेप्रमाणे त्याच्या वयाला पुन्हा सामना खेळण्याआधी कमीत कमी २१ दिवस, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी लक्षणं पूर्ण जाऊन १४ दिवस. आणि कोचला दोन प्रश्न विचार: आठवड्यात वॉर्म-अप किती वेळा आणि टॅकलची उंची शिकवता का.

तिने विचारलं. टॅकल शिकवतात, वॉर्म-अप आठवड्यात दोनदा, तिसरा आता भाचा घरी मागच्या अंगणात करतो आणि ताई बाजूला उभी राहून मोजते. टोपीही घेतली शेवटी, निळी, कारण त्याच्या मित्राकडे तशीच होती.